वजन उतरल्यावर सैल झालेल्या कपड्यांचे काय करावे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

गेल्या दीड वर्षात माझे वजन ८८ किलोवरून ६७ किलोवर आले आहे. मधुमेहाचे निदान झाल्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार बदलला, रोजचे चालणे सुरू केले आणि आता तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आहे. आहाराविषयी मला काही विचारायचे नाही, प्रश्न कपाटाचा आहे. मी कोल्हापूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. रोज नीटनेटके राहून वर्गासमोर उभे राहावे लागते आणि कपाटातले जवळजवळ सगळे शिवलेले कपडे आता अंगावर लोंबतात.

साड्यांची काळजी नाही. दोन निऱ्या जास्त पडतात, एवढेच. परकराची नाडी ओढून घेता येते, सलवारीचेही तसेच. खरी अडचण आहे ती ब्लाउज, कुर्ते आणि दोन-चार पँटची.

आधी ब्लाउजविषयी लिहिते. परवा एका मोरपंखी ब्लाउजची आतली बाजू उलटून पाहिली. दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, आहे आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन टिपांच्या खुणा आहेत. सर्वांत आतली खूण मूळ शिवणीची. पुढच्या दोन टिपा माझे वजन वाढत गेले तशा उसवून बाहेर सरकवलेल्या. मायेतल्या कापडाचा रंग अजून गडद आहे, बाहेरचा काखेपाशी विटला आहे. अशा जुन्या ब्लाउजांना पुन्हा आतल्या खुणेवर टीप मारली की काम भागेल, असे वाटते. परंतु अलीकडच्या काही वर्षांत शिवलेले ब्लाउज मुळातच मोठ्या मापाने बेतलेले आहेत. त्यांच्या नुसत्या बाजू आत घेतल्या, तरी गळा खांद्यावरून घसरतो आणि कटोरी, म्हणजे छातीवरचा वाटीसारखा वेगळा शिवलेला भाग, भलत्याच जागी येते. आमच्या भागातल्या एका शिंप्याकडे चौकशी केली, तेव्हा एवढ्या मजुरीत नवा ब्लाउज शिवून होईल, असे उत्तर मिळाले. साध्या ब्लाउजपिसाच्या बाबतीत ते पटतेही, पण ज्या ब्लाउजचे कापड साडीतूनच कापलेले आहे, तिथे नवे कापड आणायचे कुठून? माझ्या पैठणीचा ब्लाउज असाच आहे, त्याच्या बाह्यांना साडीचेच काठ लावलेले आहेत.

कुर्त्यांची गोष्ट याहून कठीण आहे. वजन जास्त होते, त्या काळात दुकानात गेले की मनाजोगा कपडा माझ्या मापात नसायचा, म्हणून मी कापड निवडून शिवून घेऊ लागले. निळीत रंगवलेले अजरख, महेश्वरी, इरकली पोताचे सुती कापड, असे एकेक वेचून आणलेले कुर्ते आहेत. ते माझ्या जाडेपणाचे कपडे म्हणून मला नकोसे झालेले नाहीत, त्यांच्यावर माझे मन आहे. पण त्यांची खांद्याची शिवण आता दंडावर उतरली आहे आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेपाशीचा भाग, इतका खाली आला आहे, की फळ्यावर लिहायला हात वर केला तर अख्खा कुर्ता वर चढतो.

दुसरा मुद्दा, कपडे ठेवावेत की काढावेत, हा आहे. घरात यावर दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात, "अंग आहे, पुन्हा भरतं, चांगले कपडे काढून टाकायची घाई करू नकोस." त्यांच्या बोलण्यात काटकसर आहे आणि काळजीही आहे, कारण उतरलेले वजन पुष्कळांचे परत वाढते, हे त्यांनी पाहिले आहे. धाकटी बहीण नेमके उलट सांगते, की मोठे कपडे कपाटात असले म्हणजे वजन वाढतानाही कुठे काचत नाही, आणि मग ते कळायला उशीर होतो. मला बहिणीचे म्हणणे अधिक पटते. माझे वजन वाढत होते तेव्हा दर वेळी माया उसवली गेली, म्हणून मला ते जाणवले नाही, हे त्या तीन टिपांकडे पाहताना लक्षात येते. तरीही सगळे एकदम देऊन टाकण्याचे धैर्य होत नाही, कारण माझे वजन अजून हळूहळू उतरते आहे आणि नेमके कुठे स्थिरावेल हे डॉक्टरांनाही आत्ताच सांगता येत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत नाजूक वाटतो, आणि त्यावर मी मनापासून मत मागते आहे. हे कपडे द्यायचे कोणाला? माझ्या नणंदेला ते अगदी बरोबर होतील. तिची आवडही माझ्यासारखीच आहे, अजरखचा कुर्ता तिने दोनदा तरी हातात घेऊन कौतुकाने पाहिला आहे. परंतु "मला सैल झाले, तुला होतील" हे वाक्य कसेही फिरवून म्हटले तरी तिच्या अंगाकडे बोट दाखवल्यासारखे होते. मी स्वतः इतकी वर्षे अशी वाक्ये ऐकून घेतली आहेत, म्हणून ते तिला ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना द्यावेत, असे सगळे सहज सुचवतात, पण त्या सडपातळ आहेत आणि नेहमी साडी नेसतात. त्यांना हे कुर्ते देणे म्हणजे आपली अडगळ त्यांच्या घरी पोचवणे होय. आपल्याला नको झालेले ते दुसऱ्याला हवेच असेल, असे मला वाटत नाही.

याच कारणासाठी बोहारणीचा व्यवहार मला लहानपणापासून बरा वाटत आला आहे. ती कापड उलटसुलट करून पाहते, नको ते बाजूला सारते, पातेल्यावर घासाघीस करते, पण तिथे कोणी कोणावर उपकार करत नाही. दिल्लीची गूंज ही संस्था १९९९ पासून शहरांतले कपडे गोळा करून खेड्यांत पोचवते. तिथेही गावकरी विहीर, तळे, रस्ता असे गावाचे काम स्वतः ठरवून श्रमाने पूर्ण करतात आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घेतात; वापरून जुन्या झालेल्या सुती कापडाचे मासिक पाळीसाठी पॅडही ही संस्था तयार करते. काही गावांत "माणुसकीची भिंत" असते, तिथे ज्याला हवे तो स्वतः निवडून घेतो. यांपैकी कुठे काय द्यावे, याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

थोडक्यात, मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कुठला कपडा आत घेण्याजोगा आहे हे कसे ओळखावे, वजन स्थिर होईपर्यंत मधल्या काळात काय घालावे, आणि नणंदेपाशी हा विषय कसा काढावा.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी अनेक वर्षे घरी शिवणकाम करते, म्हणून आपल्या पहिल्या दोन प्रश्नांविषयी लिहिते.

कपडा अंगावर घालून आधी खांदा पाहावा, छाती-कंबर नंतर. खांद्याची शिवण जागेवर असेल, तर बाजू कितीही सैल असली तरी कपडा वाचतो. शिवण दंडावर उतरली असेल, तर बाही उसवून, खांदा कापून, मुंढा नव्याने बेतून बाही परत लावावी लागते. हे काम वेळखाऊ असल्यामुळेच शिंपी नाही म्हणतात, परंतु आपल्या अजरखच्या कुर्त्यासाठी ते करून घेणे योग्य ठरेल. रोजच्या साध्या कुर्त्यासाठी मी ते सुचवणार नाही. प्रिन्सेस कटच्या ब्लाउजला पुढून-मागून जास्त शिवणी असतात, त्यामुळे थोडे थोडे सगळीकडून घेता येते. कटोरीचा ब्लाउज मात्र छातीचे माप फार बदलले असेल तर उसवून पुन्हा बेतावाच लागतो. पँट कमरेत साधारण दोन इंचांपर्यंत घ्यावी. त्यापुढे गेले की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात आणि बैठक बिघडते.

आपले वजन अजून उतरत असल्यामुळे सध्या काहीही कापू देऊ नये. रोज लागणाऱ्या पाच-सहा कपड्यांना मोठ्या टाक्याची टीप मारून घ्यावी आणि "माया कापू नका" असे शिंप्याला स्पष्ट बजावावे. वजन काही महिने एका जागी राहिले, की मग पक्के काम करावे. पैठणीच्या ब्लाउजला तर तोवर हातही लावू नये. तो मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवावा, घडी अधूनमधून बदलावी, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागणार नाहीत अशा बेताने ठेवाव्यात. पुढे तो लहान बेतताना कापड उरतेच, कमी पडत नाही, त्यामुळे बाह्यांचे काठ सुरक्षित राहतील.

आतले कपडे मात्र आधी नवे घ्यावेत. ते सैल असतील तर त्यांवर घेतलेले माप चुकते, आणि ब्लाउज कितीही चांगला शिवला तरी बसत नाही. ते जुने कोणाला देऊही नयेत. जे सुती कपडे फार विटले आहेत त्यांची गोधडी होते; पॉलिस्टर पाणी टिपत नाही, त्यामुळे ते पुसण्यालाही उपयोगी पडत नाही.

नणंदेविषयी माझे मत असे, की मापाचा उल्लेखच करू नये. तिला जो कुर्ता आवडलेला आपण स्वतः पाहिला आहे, तो एकच, धुऊन-इस्त्री करून, "तुला आवडला होता, तुझ्याकडे असावा असं वाटलं" एवढे म्हणून द्यावा. गठ्ठा देऊ नये. तिने आपण होऊन विचारले, तर बाकीचे दाखवावेत.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल खांद्याची कसोटी लावून कपडे वेगळे केले. ज्यांची शिवण जागेवर आहे असे कुर्ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले, त्यांना कच्ची टीप मारून घेते आहे. सासूबाईंनाही माया कापणार नाही हे ऐकून बरे वाटले, आणि विटलेल्या सुती कुर्त्यांची गोधडी त्या स्वतः घालणार आहेत. अजरखचा कुर्ता मी माझ्यासाठी कापून घेणार नाही. तो नणंदेला आपण सांगितलेल्या शब्दांतच देईन.

एक शंका राहिली आहे. माझ्या बहुतेक ब्लाउजांना आतून सुती अस्तर आहे आणि धुण्यात ते किंचित आटले आहे. पुन्हा बेतताना अस्तर आणि वरचे कापड एकत्र ठेवूनच कापतात, की अस्तर काढून नवे लावणे बरे?