धर्माच्या तासाला मार्क हवेत की नकोत?

पूर्वभागकर: बहीण गुंटूरला दिलीय. भाचा तिकडच्या ल्यूथरन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, शाळेत. त्याच्या धर्मशिक्षणाच्या बाई म्हणतात, मुलांच्या श्रद्धेला मी मार्क देणार नाही. मग तास ठेवलाय कशाला? मार्क नसले की पोरं पुस्तक उघडत नाहीत. बंद करा, गणित घ्या.

लष्करची लेक: हे वाचून राहवलं नाही. मी तिकडच्याच एका ल्यूथरन शाळेत हाच विषय शिकवून निवृत्त झाले, आता सोलापुरात असते. बायबलमधल्या दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना यांची परीक्षा मी घ्यायचे, मार्कही द्यायचे. पण मूल देवाला मानतं की नाही याचे मार्क देणारी मी कोण? देवाची कृपा कमवावी लागत नाही असं शिकवायचं आणि श्रद्धेला दहापैकी सात द्यायचे? एका मुलीनं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर सुरेख लिहिलं आणि खाली, ‘बाई, शत्रूवर प्रीती मला पटत नाही.’ पैकीच्या पैकी दिले. आमच्या पंथाचा मूळपुरुष मार्टिन ल्यूथर, त्यानं १५२९ च्या छोट्या कॅटेकिझमच्या (धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी पुस्तिका) प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय, विश्वास ठेवायची सक्ती करता येत नाही, करूही नये.

विडीघरकुल: अर्धंच सांगू नका. त्याच प्रस्तावनेत, जे शिकायला नकार देतील त्यांना आईबापांनी खायला-प्यायला देऊ नये, असंही आहे. आमच्या संडे स्कूलला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाला, बायबलचं वचन चुकलं की छडी. अजून स्तोत्र २३ कानावर पडलं की तळहात चोळला जातो.

जुळे सोलापूर: पाठांतराला नावं ठेवू नका. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. मांडीवर सूप, बोटं विड्या वळतायत आणि तोंडात भजन. शेवटी शेवटी ती आम्हाला ओळखेना, पण भजनाचा एक शब्द चुकला नाही. पाठ नसतं तर काय उरलं असतं तिच्यापाशी?

विडीघरकुल: आजी आवडीनं गायची, आम्ही भीतीनं. छडी न खाल्लेल्यांनी आम्हाला शिकवू नये.

जुळे सोलापूर: एका मास्तरापायी सगळं पाठांतर मोडीत काढणार? आज दहावीच्या पोराला सतराचा पाढा येत नाही, ते याच विचारानं!

पूर्वभागकर: धागा मार्कांचा आहे. पाढे कुठून आले?

लष्करची लेक: विडीघरकुल, ते वाक्य आहे. ल्यूथरचं असलं तरी मला मान्य नाही, मुलाला उपाशी ठेवणं चूकच. पण त्याच पुस्तकात प्रत्येक आज्ञेखाली ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आहे. ‘चोरी करू नको’ खाली लिहिलंय की खोटा माल खपवू नये, उलट शेजाऱ्याची मिळकत राखायला मदत करावी. मजुराची मजुरी अडवणं ही चोरी का, यावर माझा वर्ग तास संपेपर्यंत भांडला.

पूर्वभागकर: परीक्षा असते हे भाचा बोलला नव्हता. तेवढं मान्य, पुढचं नाही. श्रद्धा बघायचीच नाही तर तुमचं शिकवणं लागू पडलं हे कळणार कसं?

लष्करची लेक: मला कळायलाच हवं असं नाही. शिकवणं माझं काम. विश्वास माणूस स्वतःच्या बळावर ठेवू शकत नाही, तो पवित्र आत्मा देतो, हे ल्यूथरन शिकवणीच्या मुळाशी आहे.

विडीघरकुल: तुमच्यासारख्या बाई असत्या तर मी बसलो असतो, एवढं म्हणतो. माझ्या पोरीला मात्र बसवणार नाही. सरकारमान्य शाळेत पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती नाही, संविधानाचं कलम २८. मी संमती दिलेली नाही आणि देणारही नाही.