जुन्या वस्तीतलं घर: घेतलेल्यांनी, राहिलेल्यांनी अनुभव लिहा

वाईच्या गावठाणात आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा कुणाला विचारावं हेच कळत नव्हतं. फ्लॅट घेतलेले खूप भेटत, पण माळवद (मातीचं सपाट छत), सामाईक भिंत आणि चार गावी पांगलेले वारस असलेलं घर घेतलेलं कुणी नाही. आता जुन्या पेठेत, वाडीत, आळीत घर बघणारे आम्हाला विचारतात. एकट्याच्या अनुभवावर सल्ला देणं मला पटत नाही. तुम्ही अशा वस्तीत घर घेतलं असेल, विकलं असेल किंवा जन्म तिथंच काढला असेल, तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. आमच्या घराची नगर भूमापनाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) होती, तिच्यावर विकणाऱ्यांच्या आजोबांचं नाव, आणि विकायला निघालेले नातू. वारसनोंद झाल्याशिवाय आम्ही इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला नाही. नातू म्हणत होते, आत्याचं लग्न कधीच झालंय, तिचा काय संबंध? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. वकिलांनी आत्याबाईंचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागितलं आणि त्यावर अडून बसले. व्यवहार लांबला, पण आज मी निर्धास्त झोपते.

कागदावर नसतं ते पहिल्या पावसाळ्यात दिसलं. शेजारच्यांच्या कौलांच्या पागोळ्या सरळ आमच्या अंगणात. मी तावातावानं बोलायला गेले, तर तिथल्या आजी म्हणाल्या, "अगं, आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून पाणी तिकडंच जातंय." वकिलांनी सांगितलं की २० वर्षं उघडपणे, विनातक्रार चालत आलेली अशी वहिवाट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं हक्क ठरू शकते. शेवटी दोन्ही घरांनी निम्मे निम्मे पैसे घालून पन्हळ लावली. तेव्हा घर बघायला जाल तर भर पावसात जा, आणि सांडपाणी कुठून कुठं जातं, कुणाची वाट कुणाच्या अंगणातून आहे, हे शेजाऱ्यांना विचारा. विकणारा सांगत नाही.

पुणे, कसबा पेठ

ताई, पागोळ्यांचं अगदी खरं. माझा मुद्दा वेगळा आहे. आमचा वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत येतो. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. दुरुस्तीला मुभा आहे, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. दगडी जोतं, वर सागवानी खांब-तुळया, पांढऱ्या मातीत रचलेल्या विटा. यातली एक तुळई वाळवीनं पोखरली म्हणून आम्ही अर्ज केला आणि मंजुरी येईपर्यंत खाली टेकू लावून राहिलो. रात्री टेकूची करकर ऐकू आली की आई उठून बसायची.

मला वारसा जपायचा आहे, मनापासून. पण राहत्या माणसाची तुळई आणि बिल्डरची इमारत एकाच रांगेत उभी करू नये. मध्य पेठांत वाडा बघत असाल तर आधी स्मारकापासूनचं अंतर मोजून घ्या. भाव स्वस्त वाटतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि वाड्यात जुने भाडेकरू असतील तर त्यांच्यासकटच तो घेताय असं धरून चाला.

गिरगाव, खोताची वाडी

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे मुंबईचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो. आमच्याकडे कुणी घर 'घेतलं' नाही, पणजोबांपासून आहोत. दादोबा वामन खोत यांची ही जमीन, त्यांनी आमच्या लोकांना भूखंड दिले, तेव्हापासूनची वस्ती. पूर्वी ६५ च्या आसपास घरं होती असं सांगतात. आज निम्मीही उरली नाहीत.

बाहेरून वर जाणारा लाकडी जिना बघून लोक हरखतात. तो जिना सांभाळायचा म्हणजे काय, ते सांगतो. पावसाचं पाणी उडून सगळ्यात खालची पायरी आधी कुजते. ती बदलायला नवं लाकूड टिकत नाही, म्हणून आमचा सुतार पाडल्या जाणाऱ्या चाळींतलं जुनं सागवान शोधून आणतो. म्हणजे शेजारची एक चाळ पडते तेव्हा आमची पायरी होते. मला याचं फार वाईट वाटतं. पण दुसरं लाकूड नाही.

नाताळात वाडी उजळते, तेव्हा बघायला जरूर या. फक्त व्हरांड्यात म्हातारं माणूस बसलेलं असेल तर विचारून फोटो काढा.

गिरगावच, पण चाळीतली पागडीची खोली

पागडी, म्हणजे भाडेहक्क घेताना दिलेली एकरकमी रक्कम, बेकायदा असते असं अजून बरेच जण समजतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तिला मान्यता दिली आहे. मात्र तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूच राहता. घरमालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्हाला एकाही बँकेनं कर्ज दिलं नाही. आईचे दागिने आणि फंड यांवर घर झालं.

पणजी, फोंतेन्यास

महाराष्ट्रातून इकडं घर घ्यायला येणाऱ्यांसाठी: गोव्यात लग्नानंतर मिळकत साधारणपणे दोघांची सामाईक होते. म्हणून विकताना प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. पाच भावंडं म्हणजे दहा सह्या, त्यातल्या काही लिस्बनला. वाटणीसाठी कोर्टात होणारी इन्व्हेंटरीची कारवाई पूर्ण झालेली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. जागेत कुणी मुंडकार (मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का तेही बघा; १९७५ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

राहण्याचं म्हणाल तर सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तोवर गल्ली आमची. मग फोटोवाले.

जुनं नाशिक

बोळ इतका अरुंद की रुग्णवाहिका आत येत नाही. वडिलांना झटका आला तेव्हा शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत नेलं. वाचले. त्यानंतर भावानं गंगापूर रोडला चला म्हणून हट्ट धरला, वडील हलले नाहीत. आम्ही त्यांची खोली खाली आणली आणि तिथंच न्हाणी बांधली.

वाईकर (पुन्हा मीच)

नाशिककर, जुन्या भिंतीला लागून न्हाणी बांधलीत तर ओल कशी आवरली? आमच्याकडे तेच घाटतंय.

जुनं नाशिक

आधी कुणीतरी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, तो पूर्ण खरवडून काढला. मातीच्या जोडणीची भिंत ओल खेचते; वरून सिमेंटनं बंद केली की ती ओल आतच कोंडते आणि विटा भुगा होतात. चुन्याचा गिलावा केला. न्हाणीला जुन्या भिंतीपासून हातभर जागा सोडून वेगळी भिंत घेतली, मध्ये वारा खेळता ठेवला. चुना आधी नीट भिजवून मुरवायला लागतो, घाई करणारा गवंडी नको. आमचे गवंडीकाका सत्तरीचे आहेत, पण वाईला यायला तयार होतील. विचारून सांगतो.