प्रतिसाद: भाचीला फायटर पायलट व्हायचंय

ताई, तुमची भाची बारावीला आहे आणि ग्रॅज्युएशननंतरच फॉर्म भरायचा म्हणताय, पण थांबता कशाला, २०२२ पासून मुलींना एनडीए (बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी अकादमी) खुलं झालंय, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स असेल तर आत्ताच भरू द्या. वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. नाही झालं तर पुढे एएफकॅट (ग्रॅज्युएशननंतरची वायुसेनेची प्रवेश परीक्षा) आहेच, वर्षातून दोनदा.

फक्त एक गोष्ट मनापासून सांगून राहिलो, एसएसबीमधली (अधिकारी निवडीच्या मुलाखतीतली) ती सीपीएसएस, म्हणजे पायलट व्हायची क्षमता तपासणारी मशीनवाली टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, त्यात फेल झालं की फ्लाइंग कायमचं बंद, मग ग्राउंड ड्यूटीच, म्हणजे जमिनीवरचं काम. माझा मावसभाऊ नागपूरच्या सोनेगाव विमानतळापाशी विमानं बघत मोठा झाला, टेस्टच्या आदल्या रात्री नीट झोपला नाही आणि त्यातच फेल झाला, अजून वाईट वाटतं मला. त्यामुळे टेस्टच्या आधी झोप पूर्ण आणि सूचना लक्ष देऊन ऐकायच्या, कोणत्या मीटरवर काय वाचायचं हे तिथेच सांगतात.

आणि हो, उंची १६२.५ सेंमी पुरेशी असली तरी पायांची लांबी वेगळी मोजतात, किमान ९९ सेंमी. डोळे तर आजच तपासून घ्या, मायनस नंबर असेल तर आधी कळलेलं बरं. नागपूरच्या वायुसेना नगरच्या (वायुसेनेच्या वसाहतीच्या) बाजूला कोणी ओळखीचं असेल तर तिला एकदा भेटवा.