पहिलं सिझर, दुसऱ्या वेळी नॉर्मल: कोणाचा अनुभव आहे का?

मैत्रिणींनो, आठवा महिना चालू आहे. मोठी साडेतीन वर्षांची. तिच्या वेळी रात्री पाणी गेलं, पहाटेपर्यंत कळा काढल्या, मग डॉक्टर म्हणाल्या बाळाने आत शी केलीय, ठोके उतरतायत. सिझर झालं. लेक सुखरूप. पण नंतर मी त्या रात्रीबद्दल तोंड उघडलं की 'बाळ धडधाकट आहे ना, मग झालं तर' म्हणून विषय संपायचा. आई तर लगेच अळीव-डिंकाच्या लाडवांवर येते. (लाडू उत्तम असतात, तक्रार नाही.)

आता डॉक्टर म्हणतात नॉर्मलचा प्रयत्न करू. वार (प्लासेंटा) वर आहे, बाळाचं डोकं खाली आहे. कळांमध्ये गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याची शक्यता साधारण दोनशेत एक, असं सांगितलं. सासूबाईंना तो 'एक'च दिसतो. नवरा म्हणतो, तू ठरव. त्या 'तू ठरव'चा काडीचा आधार वाटत नाही, खरं सांगते.

सल्ला नकोय, त्याला डॉक्टर आहेत. यातून गेलेल्यांनी कळा सुरू झाल्यापासूनचं सांगा. बाळाचे ठोके मोजणारे पट्टे सतत लावलेले असताना उठता येतं का? दुखणं कमी करायचं कमरेतलं इंजेक्शन घेतलंत का? दुखणं कळेचं की टाक्याचं, कसं ओळखलंत? आणि ज्यांचं शेवटी पुन्हा सिझर झालं त्यांनीही लिहा, त्यांना कोणी विचारतच नाही.

प्रतिसाद १
माझं दुसरं नॉर्मल झालं. आधी जुनी फाईल काढ. पोटावरचा टाका आडवा असला तरी आत गर्भाशयावर छेद कसा घेतला ते ऑपरेशनच्या नोंदीतच कळतं. रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल का, तेही विचारून ठेव. पट्टे होते, पण वायर पुरेल तेवढं उभं राहू दिलं, पलंगाचा कठडा धरून झुलत होते. इंजेक्शन घेतलं, पाय जड झाले. कळ येते नि जाते. दोन कळांच्या मधेही टाक्याशी दुखत राहिलं तर लगेच हाक मारायची, असं सिस्टरांनी बजावलं होतं.

प्रतिसाद २
माझं पुन्हा सिझर. पिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडून अडकलं. पण या वेळी मला विचारून ठरवलं, आणि बाळ बाहेर येताच गालाला लावलं. पहिल्या वेळचा राग बराच उतरला. बाकीचं दुपारी पिल्लू झोपलं की लिहिते.