सोळाशेवरून दम मोजता येतो का?

पोलीस भरतीच्या १६०० मीटरच्या वेळेवरून दम मोजता येईल का, असा प्रश्न आहे. येईल, पण अंदाज कच्चा. पाच-सहा मिनिटांच्या पळण्यात वेगाचा आणि शेवटच्या झटक्याचा वाटा बराच असतो. त्यापेक्षा कूपर चाचणी बरी. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १९६८ मध्ये मांडली. १२ मिनिटांत जमेल तितकं पळायचं, मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करायचे, ४४.७३ नं भागायचं. येतो तो व्हीओटू मॅक्स, म्हणजे जोरात पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या झाल्या, तर व्हीओटू मॅक्स साधारण ४२. पाचच झाल्या, तर ३३. म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला तितके मिलिलिटर ऑक्सिजन.

मात्र मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात काढलेला आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडू नका. उकाड्यात रक्त अंग थंड ठेवायला कातडीकडे वळतं, पायांना कमी पडतं, अंतर घटतं. दर वेळी पहाटेच पळा, मैदानही तेच ठेवा. आणि सुरुवातीलाच सुसाट सुटू नका. असले गडी आठव्या मिनिटाला चालताना दिसतात (भरतीच्या मैदानावर तर हमखास). बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडूच नका.