बस्टर कीटन यांचा 'द जनरल': आपापले अनुभव लिहा

अमेरिकी विनोदी नट व दिग्दर्शक बस्टर कीटन यांचा 'द जनरल' हा मूकपट ३१ डिसेंबर १९२६ रोजी टोकियोत आणि त्यानंतर फेब्रुवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो बहुतेक समीक्षकांना रुचला नाही आणि त्याच्या खर्चाच्या मानाने उत्पन्नही फारसे झाले नाही. पुढच्याच वर्षी कीटन एका मोठ्या स्टुडिओच्या नोकरीत गेले आणि त्यांचे स्वातंत्र्य संपले. १९७२ साली मात्र 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा जगातल्या पहिल्या दहा चित्रपटांत याचे नाव आले. कथा थोडक्यात अशी: अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेतल्या जॉर्जियाचा इंजिन ड्रायव्हर जॉनी ग्रे (कीटन) याचे 'जनरल' नावाचे लाडके इंजिन उत्तरेचे हेर पळवतात, त्याची प्रेयसीही त्याच गाडीत अडकते आणि तो एकटा पाठलाग करून दोघांना परत आणतो. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे असे धरून चालू. ज्या दृश्याकडे आपण पुन्हा पुन्हा वळता ते कोणते, आणि त्यात आपल्याला काय दिसते, ते सविस्तर लिहावे.

निवृत्त इंजिन ड्रायव्हर, भुसावळ

सत्तरच्या दशकात मी फायरमन म्हणून लागलो तेव्हा वाफेची इंजिने होती; पुढे डिझेल आणि विजेची इंजिने चालवून निवृत्त झालो. मुलाने हा चित्रपट लावून दिला, तो बाबांना जुने इंजिन पाहायला आवडेल एवढ्याच विचाराने. जॉनीला सैन्यात घेत नाहीत, प्रेयसीही तोंड फिरवते, म्हणून तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न होऊन बसतो; तेवढ्यात इंजिन हलते, आणि दांड्याबरोबर आपण वर-खाली होत आहोत हे त्याला शेडमध्ये शिरता शिरता कळते. घरातले सगळे हसले, माझा श्वास मात्र अडकला होता. वाफेचे इंजिन जागेवरून काढताना रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडण्याचा दांडा, जरा जास्त उघडला, तर चाकांची रुळावरची पकड सुटते आणि ती जागच्या जागी गरगर फिरतात. तसे झाले असते तर दांड्यावरचा माणूस वाचला नसता. कीटन यांना हे पुरते ठाऊक होते, तरीही ते स्वतः बसले आणि कॅमेरा दूर ठेवून चाक, दांडा आणि माणूस हे सगळे एकत्र दाखवले. त्या दिवशी रेग्युलेटरवर ज्याचा हात होता, त्याला माझा नमस्कार.

पुढे पाठलागात इंजिनाची चाके खरोखरच घसरतात. जॉनी खाली उतरून रुळावर माती टाकतो, पकड मिळते आणि इंजिन त्याला मागे टाकून निघून जाते. आमच्या इंजिनांना याच कामासाठी वाळूची पेटी असे. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला या विनोदात तसूभरही अतिशयोक्ती सापडत नाही, आणि म्हणूनच मला तो इतका प्रिय आहे.

प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

तिसरी-चौथीच्या मुलांना मी हा चित्रपट शाळेच्या प्रोजेक्टरवर दाखवला. मधल्या इंग्रजी पाट्या मी मराठीत सांगू लागले, तेव्हा थोड्याच वेळात मुलांनीच 'बाई, कळतंय आम्हाला' म्हणून मला थांबवले. तोफेची नळी गाडीच्या हादऱ्यांनी खाली खाली येत जॉनीवरच रोखली जाते, त्या दृश्यात निम्मा वर्ग उभा राहून त्याला सावध करत होता.

पुणे

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या चित्रगृहात, चित्रपट रसास्वाद वर्गात मी तो प्रथम पाहिला. माझे दृश्य स्लीपरचे, म्हणजे रुळांखाली आडवा घालतात त्या लाकडी ओंडक्याचे. जॉनी चालत्या इंजिनाच्या अगदी पुढच्या जाळीवर बसला आहे, हातात एक अवजड स्लीपर आहे, आणि समोर रुळावर शत्रूने टाकलेला दुसरा आडवा पडलेला आहे. इंजिन त्यावर चढणार इतक्यात तो हातातला स्लीपर पडलेल्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला जातात. हे सारे अखंड एका चित्रणात घडते, मध्ये कात्री नाही. त्यामुळे ते खरोखर घडले याविषयी पाहणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही. आई-वडिलांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर पडण्या-आपटण्याचे खेळ केलेल्या या माणसाला वजन कुठे टाकले की काय उचलले जाते हे अंगानेच कळत असावे. चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. डोळ्यांत मात्र हिशेब चाललेला स्पष्ट दिसतो, आणि तो हिशेब आपणही त्याच्याबरोबर करू लागतो. माझ्या मते या चित्रपटाची सगळी ताकद इथे आहे.

पोर्टलंड, ऑरेगन

कथा जॉर्जियातली असली, तरी चित्रीकरण आमच्या राज्यात कॉटेज ग्रोव्ह या गावाच्या परिसरात झाले, कारण लाकूड वाहून नेणाऱ्या कंपन्यांचे जुन्या वळणाचे रूळ इथे होते. गावातल्या एका इमारतीच्या भिंतीवर कीटन यांचे मोठे चित्र आहे. जळता पूल इंजिनासकट नदीत कोसळतो ते दृश्य रो नदीवर २३ जुलै १९२६ रोजी घेतले गेले. ते पाहायला हजारोंची गर्दी जमली होती. खरा पूल, खरे इंजिन, एकच संधी. त्या एका दृश्याचा खर्च ४२,००० डॉलर सांगितला जातो. इंजिन पुढे दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढून नेईपर्यंत नदीतच पडून होते. नदीकाठी उभे राहून मला सर्वांत जास्त आठवला तो मात्र इंजिन पुढे नेण्याचा हुकूम देणाऱ्या सेनापतीचा चेहरा. एवढा मोठा विध्वंस दाखवल्यावर कीटन क्षणभर तो अवाक् चेहरा दाखवतात, आणि हसू फुटते ते तिथे.

इतिहासाची प्राध्यापिका, मुंबई

माझा अनुभव इतका सरळ नाही. ही कथा एप्रिल १८६२ मधल्या खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. इंजिन पळवणारे उत्तरेचे होते. त्यांचा म्होरक्या जेम्स अँड्र्यूज आणि सात साथीदार दक्षिणेने फासावर चढवले, आणि जे वाचले त्यांच्यापैकी काहींना अमेरिकेचे 'मेडल ऑफ ऑनर' हे शौर्यपदक मिळाले. त्या पदकाचे ते पहिलेच मानकरी होते. कीटन यांनी बाजू उलटवली. दक्षिणेला खलनायक केलेले प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गुलामगिरीसाठी ते युद्ध पेटले, ती मात्र चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. मी विद्यार्थ्यांना आधी हे सांगते आणि मगच चित्रपट लावते. जॉनीला युद्धाच्या हेतूशी देणेघेणे नाही, त्याला आपले इंजिन आणि आपले माणूस परत हवे आहे, गरज पडताच तो शत्रूचा गणवेशही चढवतो; त्यामुळे मला त्याच्याबरोबर हसता येते. पण त्या गैरहजेरीची बोच हसतानाही जात नाही, आणि ती जाऊ नये असे मला वाटते.

नागपूर

प्राध्यापक बाईंचे म्हणणे पटते. मला ॲनाबेल ली, म्हणजे मॅरियन मॅक यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण तिला केवळ वेंधळी म्हणून मोडीत काढले जाते. मागून शत्रूची गाडी येत असताना ती इंजिनातला कचरा झाडते, भोक आहे म्हणून चांगला ओंडका फेकून देते, आणि भट्टीत काडीएवढे लाकूड टाकते. जॉनी चिडून तिला त्याहूनही बारीक ढलपी देतो, ती तीही मन लावून भट्टीत टाकते. तो तिचा गळा धरून गदागदा हलवतो आणि दुसऱ्याच क्षणी तिचे चुंबन घेतो. संसारातला राग आणि माया इतक्या थोडक्यात मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेली नाही. आणि दोन झाडांमध्ये तिने बांधलेला दोर, ज्याची जॉनीला कीवच येते, तो पाठलाग करणाऱ्यांना चांगलाच अडकवतो, हेही विसरू नये.

हार्मोनियमवादक, पणजी

या चित्रपटाला एकच ठरलेले संगीत नाही. कार्ल डेव्हिस यांनी १९८७ साली वाद्यवृंदासाठी रचलेले संगीत मी ऐकले आहे आणि ते भव्य आहे. एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात मी एकट्याने साथ केली, तेव्हा वाजवण्यापेक्षा थांबण्याचीच तयारी अधिक करावी लागली. इंजिनाच्या चाकांना स्वतःची लय आहे. आपण ती सुरांत पुन्हा सांगू लागलो की विनोद बोथट होतो. जॉनी धावत्या गाडीवर लाकूड फोडण्यात गढलेला असतो आणि त्याच्यामागे आधी दक्षिणेचे सैन्य माघार घेत जाते, मग उत्तरेचे पुढे सरकते, याचा त्याला पत्ताच नसतो. माझा हात सैन्यासाठी रणवाद्याची चाल धरायला शिवशिवत होता. मी ती धरली नाही. कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला एक सूर, एवढेच वाजवले, कारण त्या क्षणी जॉनीला दुसरे काहीच ऐकू येत नसते.