एक सत्र इटलीत : जाऊन आलेल्यांनी लिहा

माझी भाची सप्टेंबरात बोलोन्याला निघाली आहे. पुण्यात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार आहे, त्यातून एक सत्र, म्हणजे साधारण साडेपाच महिने. घरात सध्या दोनच विषय चालू आहेत, व्हिसा आणि कुकर. विद्यापीठ १०८८ सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दोनशे वर्षं आधीचं, हे मी तिला तीनदा सांगून झालं. ती दरवेळी "हो गं मावशी" म्हणते आणि खोलीभाड्याच्या जाहिराती बघत बसते.

मी स्वतः इटलीला आठ दिवसांच्या टूरवर गेले होते, त्या अनुभवाचा इथे काडीचा उपयोग नाही. जे सत्रभर राहून, परीक्षा देऊन आलेत त्यांनी लिहा. काय काय बघावं ते नको, ते गूगल सांगतो. काय चुकलं ते सांगा.

पादोवा, २०१८

ताई, भाचीला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा : तिथे परीक्षेचा अभ्यास तोंडाने करायचा. मी स्टॅटिस्टिक्सची. आयुष्यभर पेपर लिहिलेले, पुरवण्या जोडलेल्या. तिथे जानेवारीत गेले तर वर्गात एक टेबल, त्यामागे प्राध्यापिका, समोर एक रिकामी खुर्ची आणि मागच्या बाकांवर पंधरा-वीस मुलं आरामात बसलेली. मला वाटलं, हे सगळे परीक्षा द्यायला आलेत. निम्मे नुसते ऐकायला आले होते. तोंडी परीक्षा तिकडे सार्वजनिक असते, कोणीही मागे बसून ऐकावी.

पहिला प्रश्न असा की, तुमच्या आवडीच्या विषयापासून सुरुवात करा. हे तिकडे खूप प्राध्यापक विचारतात. मी खूश! सेंट्रल लिमिट थिअरम पाठ होतं, धाड धाड म्हणायला लागले. दोन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं, मग कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आणि व्हेरियन्स अनंत असेल तर?"

झालं. माझी गाडी थांबली. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेत अशा वेळी पुढचा प्रश्न येतो. त्या काही बोलेचनात. पेनाचं टोपण उघडलेलं, मागे वीस जण गप्प. शेवटी मी म्हटलं, मला जरा मोठ्याने विचार करावा लागेल. त्या म्हणाल्या, मग करा की, त्यासाठीच बसलोय. आणि खरंच, चुकत-माकत, कागदावर वाकडीतिकडी वक्ररेषा काढत मी तिथवर पोचले.

मार्क तीसपैकी असतात. अठराला पास, तीस म्हणजे पैकीच्या पैकी आणि फारच खूश असतील तर 'तीस ए लोदे', म्हणजे वर शाबासकी. मला चोवीस दिले आणि विचारलं, "आच्चेत्ता?" मला वाटलं विचारतायत, कळलं का? मी मान डोलावली. चोवीस माझ्या नावावर लागले.

माझ्यानंतरच्या मुलाला सत्तावीस मिळाले. तोच प्रश्न. तो म्हणाला, नको. आणि उठून गेला! मार्क नाकारता येतात, पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं, एकाच हंगामात बऱ्याचदा दोन तारखा असतात. एकेक मार्क वाढवून घ्यायला फेरतपासणीची फी भरणाऱ्या विद्यापीठातून गेलेली मी, तो दरवाजातून बाहेर पडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. सत्तावीस!

अजून एक. पालाझ्झो बोमध्ये, म्हणजे पादोवा विद्यापीठाच्या जुन्या वाड्यात, जिन्याच्या पायथ्याशी एलेना कोर्नारोचा पुतळा आहे. १६७८ मध्ये डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री. तिची तोंडी परीक्षा ऐकायला एवढी गर्दी लोटली की विद्यापीठातून हलवून कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली. माझ्या मागचे वीस त्या मानाने बरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तारखा आत्ताच बघा. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असतात. तेव्हा इकडे पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. परतीचं तिकीट डिसेंबरचं काढून ठेवलेली दोन मुलं आमच्याच तुकडीत होती.

मिलान, २०२२

मी मुंबईहून आर्किटेक्चरचं सत्र करायला पॉलितेक्निकोला गेलो होतो. वरच्या ताईंची तोंडी परीक्षा वाचून अंगावर काटा आला, पण आमच्याकडे तसं काही नव्हतं. स्टुडिओ होता, पाच जणांचा गट, दर आठवड्याला 'रेविझिओने'. म्हणजे काम भिंतीवर लावायचं आणि त्याच्या चिंध्या होताना बघायचं. इंग्रजीवर सगळं निभावलं, इटालियन चार वाक्यांपुढे गेलं नाही. लोक घाबरवतात तेवढं काही नसतं. निदान मिलानमध्ये तरी नाही.

घाबरायचं ते विजेच्या मीटरला. बहुतेक घरांना तीन किलोवॅटचंच कनेक्शन असतं. इंडक्शन शेगडीवर कुकर, तिकडे वॉशिंग मशीन आणि कोणी केस वाळवायला घेतले की ठप्प. मीटर खोलीत नसतो, आमचा तळघरात होता. मग ज्याच्यामुळे वीज गेली त्याने चार मजले अंधारात उतरायचं, असा नियमच करून टाकला होता. मी सर्वांत जास्त वेळा उतरलो. कुकर माझाच ना.

हीटर आपल्या मर्जीने लावता येत नाहीत. मिलानसारख्या शहरात साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल आणि दिवसाचे ठरावीक तास, असा कायदाच आहे. त्या वर्षी गॅसच्या टंचाईने तेही दिवस कमी केले होते. सप्टेंबरात जाणाऱ्याने स्वेटर सामानात तळाशी ठेवू नये.

आणि बहुतेक शुक्रवारी संप. संपातही सकाळचे आणि संध्याकाळचे काही तास मेट्रो चालू ठेवतात, त्या वेळा स्टेशनवर लिहिलेल्या असतात. एवढा शिस्तीतला संप मी आधी पाहिला नव्हता.

शहर सांगत नाही, २०२३

पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. तो पोस्टात करतात. पोस्टातून लखोटा घ्यायचा, फॉर्म भरायचा, १६ युरोचा 'मार्का दा बोल्लो' म्हणजे आपला रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा. तो मात्र पोस्टात मिळत नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतो! निळ्या पाटीवर मोठा टी असतो ते दुकान. बसचं तिकीटही तिथेच. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं, रांगेत पुढे उभ्या असलेल्या पेरू देशातल्या एका बाईंनी सांगितलं.

पुढे बोटांचे ठसे द्यायला पोलिसांची तारीख मिळते. माझी तारीख माझ्या परतीच्या विमानानंतर अकरा दिवसांनी होती. खिडकीवरच्या माणसाला तिकीट दाखवलं. त्याने दोन्ही तारखा नीट वाचल्या, खांदे उडवले आणि पुढच्याला बोलावलं. पोस्टाची पावती जपून ठेवा, माझं सगळं सत्र त्या पावतीवर झालं. कार्ड मी कधी पाहिलंच नाही.

पार्मा, २०१६

कोल्हापूरकडचा आहे, डेअरी टेक्नॉलॉजी, म्हणून पार्मा. शाकाहारी असाल तर एक कडू बातमी : पार्मिज्यानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळायला घालतात ते, असतंच, त्याशिवाय त्याला ते नाव लावता येत नाही. आणि मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, 'भाजीचा' म्हणून दिलेल्या पास्त्यावर ते भुरभुरलेलं असतं. मला फरक पडत नव्हता, पण माझा जैन रूममेट पहिले दोन महिने आनंदाने खात होता. मी त्याला सांगायला नको होतं असं अजून वाटतं.

विद्यापीठाने पहाटे एका चीज कारखान्यात नेलं होतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून साय काढलेलं, त्यात सकाळचं ताजं दूध, आणि ते सगळं उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत. एका कढईतून दोन चाकं निघतात, एकेक चाळीस किलोच्या आसपास. दही मोडल्यावर तळाला बसलेला गोळा दोघं जण कापडात धरून वर उचलतात. त्यातला एक जण मला बघून म्हणाला, "किधर से?" होशियारपूरचा सरदार. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत आणि चीजच्या कारखान्यांत पंजाबी माणसं वर्षानुवर्षं आहेत, जवळच नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे. नंतर दोन-तीन रविवार मी लंगरला गेलो. डाळ मिळाली, शिवाय कोणत्या दुकानात तुरीची डाळ मिळते तेही कळलं.

बेसन न्यायची गरज नाही. 'फारीना दी चेची' मागा, चण्याचंच पीठ. माझं पिठलं तिकडे गाजलं होतं.

त्रिएस्ते, २०१४

थोडक्यात लिहिते. कॉफीचं सगळं शिकून गेला असाल तरी त्रिएस्तेत चालणार नाही. तिथे साध्या एस्प्रेसोला 'नेरो' म्हणतात आणि थोडं दूध घातलेली, काचेच्या छोट्या ग्लासात हवी असेल तर 'कापो इन बी'. मला तो ग्लास हातात धरला की अमृततुल्यची आठवण यायची. 'बोरा' नावाचा वारा सुटला की छत्री उघडू नका. माझी तिसरी छत्री समुद्रात गेली त्यानंतर मी घेतलीच नाही.

पेरूज्या, १९९७

माझा अनुभव जुना आहे, लिऱ्याच्या काळातला. परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भाषेचं सत्र करायला गेलो होतो. मराठी माणसाला ही भाषा तोंडात सहज बसते. त, द आपलेच, च आपला, जोडाक्षरांचा ठसका आपला. बाईंनी पहिल्याच दिवशी इंग्रज मुलाला 'आन्नो' आणि 'आनो' मधला फरक दहा वेळा घोकायला लावला, कारण पहिल्याचा अर्थ वर्ष आणि दुसऱ्याचा भलताच. मला एकदाच विचारलं आणि पुढे गेल्या.

मी मूळचा उमरग्याकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. २६ सप्टेंबर १९९७ ला रात्री अडीचच्या सुमारास पेरूज्यात पलंग हलला तेव्हा मी जागा व्हायच्या आधी जिन्यात होतो. अनवाणी, तीन मजले. माझा ग्रीक खोलीसोबती सांगायचा की मी जाताना त्याच्या नावाने मराठीत ओरडत होतो. सगळी मुलं कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, रोज संध्याकाळी बसायची तशी. मी नाही बसलो. चौकाच्या मधोमध कारंजं आहे, त्याच्या कठड्यापाशी उजाडेपर्यंत उभा राहिलो. तीन-चार जणांना हात धरून तिथे ओढलंही. त्यांना वाटलं थंडीने भ्रमिष्ट झालाय.

सकाळी पावणेबाराच्या सुमारास दुसरा धक्का आला. तिथून पंचवीस किलोमीटरवर असीसीला सेंट फ्रान्सिसच्या बॅसिलिकाचं छत कोसळलं. रात्रीचं नुकसान बघायला आत गेलेले चार जण त्याखाली गेले. ते टीव्हीवर वारंवार दाखवत होते. पांढरी धूळ कॅमेऱ्याच्या अंगावर येते. मी बारमधून बाहेर आलो.

मग फोनकार्ड घेतलं. त्या कार्डाचा एक कोपरा मोडून टाकावा लागायचा, त्याशिवाय ते यंत्रात चालत नसे. माझ्या हाताने तो मोडेना. बूथमागच्या आजोबांनी मोडून दिला. घरी फोन नव्हता, चौकातल्या एसटीडीवाल्याने वडिलांना बोलावून आणेपर्यंत अर्धं कार्ड संपलं. इटलीत भूकंप झाला हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भिंती दगडाच्या आहेत का?"

दगडाच्याच होत्या. मी नाही म्हणालो.

बोलोन्या, २०२४

खोलीचं सांगतो, कारण बोलोन्यात तेच सर्वांत अवघड आहे. जागा न बघता पैसे पाठवू नका. मी दोन महिन्यांची अनामत पाठवली, फोटोतली खोली अस्तित्वातच नव्हती. पहिले सतरा दिवस हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत काढले. शेवटी जागा मिळाली ती अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून. असे कागद आधी बघा.

पावसाची काळजी करू नका. गावभर कमानींखालून चालता येतं. सान लुकाच्या टेकडीवर जाणाऱ्या वाटेला तर ६६६ कमानी आहेत, जवळजवळ चार किलोमीटर छपराखालून. आणि पदवी मिळायच्या आत आसिनेल्लीच्या मनोऱ्यावर चढलं तर पदवी मिळत नाही, असं तिथली मुलं मानतात. मी मानत नाही, पण चढलोही नाही.

हां, आणि 'कोदीचे फिस्काले' काढावाच लागतो, म्हणजे तिकडचा पॅन नंबर. सोळा अक्षरं-आकडे. त्यात आडनाव, नाव, जन्मवर्ष, महिन्याचं एक अक्षर, जन्मतारीख आणि जन्मस्थान. भारतात जन्मलेल्यांचा झेड२२२. बायकांच्या जन्मतारखेत ४० मिळवतात. आमच्या वर्गातली नागपूरची मुलगी "माझी तारीख चुकलीय, महिन्यात ५३ दिवस कुठे असतात" म्हणून भांडायला परत गेली होती.

भाची

मावशीने इथे सगळं विचारून ठेवलंय हे मला आज कळलं. सगळ्यांना थँक्यू. परतीचं तिकीट फेब्रुवारीवर ढकललं, कॉलेजला मेल केलाय, उत्तर नाही. माझा वाढदिवस ९ ऑगस्ट, म्हणजे मी ४९.

मिलानवाल्या दादांना एक विचारायचं होतं. तीन लिटरचा कुकर नेला तर इंडक्शन आणि हीटर एकत्र चालतात का, की तेव्हाही खाली उतरावं लागतं?